पुन्हाबघ आणि पाण्याची चावी

धुलाई कारखान्यात त्याला सगळे पुन्हाबघ म्हणत, आणि हे नाव अन्यायाचं आहे असं त्याच्या आईलाही म्हणता आलं नसतं. घराला कुलूप लावून तो चार पावलं जायचा, परत फिरायचा आणि कुलपाला असे हिसके द्यायचा, की शेजाऱ्यांना वाटावं चोर आला. बसमध्ये चढला की आधी उतरायचं दार कुठे आहे ते बघायचा.

देवाशीही त्याचा व्यवहार असाच चोख. रोज सकाळी डोळे मिटून यादी: बायकोचा जिना, मुलीचा शाळेजवळचा चौक, घरातला गॅस, कामावरचा बॉयलर, शिवाय साप. राहायला तिसऱ्या मजल्यावर होते, पण सांगून ठेवलेलं बरं.

"अहो, झालं का?" बायको चपला घालता घालता म्हणायची. "देवाला बाकीचीही माणसं असतात. आणि एवढं सगळं त्याच्यावर सोपवता, मग पुन्हा कुलूप ओढायला का जाता? विश्वास ठेवलाय की पाळत?"

मग तो कुलूप ओढायला जायचा.

दोघं एकाच कारखान्यात. दवाखान्यांच्या चादरी तिथे धुऊन निघत. तो कोळशाच्या बॉयलरवर. ती भिंतीपलीकडे इस्त्रीखात्यात, आणखी आठ जणींबरोबर. त्याची वाफ नळातून भिंतीपलीकडे जायची आणि तिच्या इस्त्रीच्या यंत्रात शिरायची. "आमचा संसार वाफेवर चाललाय," असं ती मैत्रिणींना सांगायची. भिंत मात्र एका विटेची होती. यादीत ती भिंतही असायची.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते. बॉयलरच्या अंगावर एक काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. नळी अर्धी भरलेली दिसत होती, जशी हवी तशी. दुसरा कुणी पुढे गेला असता. याने सवयीने नळीखालची तोटी उघडली, नळीतलं पाणी सोडून दिलं आणि तोटी बंद केली. आता आतलं पाणी उसळून नळीत यायला हवं होतं.

आली ती नुसती वाफ. काच कोरडी ठणठणीत.

पुन्हा तोटी उघडली, पुन्हा बंद केली. पुन्हा वाफ.

म्हणजे इतका वेळ दिसत होतं ते नळीतच अडकून पडलेलं पाणी. बॉयलरमध्ये किती पाणी आहे, आहे की नाही, हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली भट्टी लालबुंद.

त्याचा उजवा हात आपोआप बॉयलरमध्ये पाणी सोडायच्या चावीकडे गेला. बोटं चावीला लागली, आणि कानात त्याच्या मेलेल्या वस्तादाचा आवाज घुमला. वस्ताद शिव्यांशिवाय एकच वाक्य बोलायचा: "काचेत पाणी दिसेना, तर चावीला हात लावायचा नाही. चावीकडे जातो तो तुझा हात नसतो, भीतीचा असतो." तापून लाल झालेल्या लोखंडावर गार पाणी पडलं, की त्याची एका क्षणात वाफ होते. मग बॉयलर राहत नाही, आणि एका विटेची भिंत तर नाहीच नाही.

त्याने बोटं एकेक करून सोडवली. दुसऱ्याच्या मुठीतून सोडवावीत तशी.

"मुकादम!" तो ओरडला. "इस्त्रीखातं रिकामं करा! सगळ्यांना फाटकाबाहेर काढा!"

मुकादम दारात आला. "काय रे पुन्हाबघ, आज साप निघाला का?"

"आत पाणी दिसत नाही."

मुकादमाच्या चेहऱ्यावरचं हसू गळून पडलं. तो धावला. पुन्हाबघने फावडं उचललं. दाराशी कालच्या राखेचा ढीग होता, धूळ उडू नये म्हणून भिजवलेला. भट्टीचं दार उघडून तो ओली राख निखाऱ्यांवर लोटू लागला. मग आगीची ओढ थांबावी म्हणून धुराड्याची झडप लावली. बाकी कशालाही धक्का द्यायचा नव्हता. आता फक्त थांबायचं.

पलीकडची यंत्रं एकेक करून गप्प झाली. बायका बाहेर पडल्या असणार. पण यंत्रं थांबली म्हणजे वाफ कुणी घेईना, आणि वाफेच्या दाबाचा काटा खाली यायच्या ऐवजी वर चढू लागला.

मुकादम परत आला तो नेमका तेव्हाच. "अरे चढतोय तो! पाणी सोड!"

"नाही."

"थिजलास का? सोड म्हणतो ना, नाहीतर मी सोडतो!"

"तापल्या तव्यावर गार पाणी ओतून बघा कधी," पुन्हाबघ म्हणाला आणि चावीला पाठ लावून उभा राहिला, फावडं आडवं धरून. जन्मभरात त्याने कुणाची वाट अडवली नव्हती. रांगेतसुद्धा तो मागच्याला पुढे सोडायचा.

इतक्यात वरचा सेफ्टी वॉल्व्ह किंचाळत उघडला. पांढरी वाफ छताला भिडली. मुकादम जो सुटला तो फाटकाशीच थांबला.

वाफेपलीकडे दारात बायको उभी.

"मुलगी शाळेत आहे," तो ओरडला. "तू बाहेर जा!"

"आणि तुम्ही?"

"मी हललो तर कुणीतरी येऊन चावी उघडेल."

एरवी तिला लगेच काहीतरी सुचायचं. या वेळी नुसती मान डोलावली आणि गेली.

त्याने डोळे मिटले आणि यादी सुरू करायला गेला. जिना, चौक... पुढचं आठवेना. साप तर साफच गेला होता. शेवटी तो देवाला एवढंच म्हणाला, "माझ्या हातात जे होतं ते केलं. आता तू आहेस ना? मग मी उभा आहे." डोळे उघडले. काटा तिथेच होता. त्याला काट्याकडे पुन्हा बघावंसं वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. विटा मोजल्या नाहीत.

वॉल्व्हचा आवाज बारीक होत गेला. मग थांबला. पाऊण तासाने काटा निम्म्यावर आला होता.

दुपारी मिस्त्रीने गार झालेला बॉयलर उघडला, बॅटरी आत घातली आणि वाकून बघितलं. काचेच्या नळीत पाणी आणणारा खालचा नळ क्षाराने बुजलेला. बॉयलरच्या आतल्या वरच्या नळ्या तापून निळ्या पडलेल्या.

"यावर पाणी पडलं असतं तर?" मुकादमाने विचारलं.

मिस्त्रीने भिंतीकडे पाहिलं, उघड्या दारातून पलीकडच्या नऊ यंत्रांकडे पाहिलं आणि बॅटरी विझवली. मुकादमाने टोपी काढून हातात धरली.

पुन्हाबघ राखेच्या ढिगाशेजारी उभाच होता. फावडं हातातून सुटत नव्हतं. बायको आली, तिने एकेक बोट उलगडून ते काढून घेतलं. तसा तो मटकन खाली बसला आणि दात वाजेपर्यंत कापू लागला.

"असं काय... आता तर सगळं..." त्याला वाक्य पुरं करता येईना.

"कापा," ती शेजारी राखेतच बसत म्हणाली. "आता कापा हवं तेवढं. आता कुणाची हरकत नाही."