अर्धी पायरी

कॉलेजात त्यांना सगळे ‘अर्धी पायरी सर’ म्हणत. समीकरणं कॉम्प्युटरवर सोडवताना काळ लहान लहान पायऱ्यांनी पुढे न्यायचा असतो. पायरी मोठी झाली की सायकल शिकणाऱ्यासारखं होतं. हँडल इकडे जास्त, मग तिकडे जास्त, आणि सरळ रस्त्यावर नागमोडी चाल. म्हणून सर दरवर्षी वर्गाला बजावत, “पायरी अर्धी करून बघा. उत्तर बदललं, तर ते उत्तर नव्हेच.” जो बघत नसे त्याची ते सगळ्यांदेखत बिनपाण्याने हजामत करत.

आणि हेच महाशय स्वतःच्या वेळी विसरले. विसरले कसले, टाळलंच. पेशीतलं कॅल्शियम कसं वरखाली होतं याचं गणित मांडलं आणि पडद्यावर अशी देखणी लहर उठली की सर हरखून गेले. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्या ताईंनी तेव्हाच विचारलं होतं, “सर, पायरी अर्धी करून बघितलीत ना?”

“हे मला विचारता?” म्हणत सर हसले. ताईही हसल्या आणि कामाला लागल्या.

तेव्हापासून त्या जिवंत पेशींत ती लहर शोधत होत्या. पेशी ढिम्म. ताईंनी खाद्य बदललं, भांडी बदलली, शेवटी स्वतःलाच बोल लावू लागल्या. “माझ्या हातालाच गुण नाही,” असं म्हणून काल त्यांनी हे काम सोडलं.

आज सरांनी ऐटीत तेच गणित वर्गात लावलं. चांगलं उत्तर कसं हलत नाही ते दाखवायचं होतं. पायरी अर्धी केली आणि लहर गेली. सपाट रेघ.

“सर, म्हणजे आधीचं ते उत्तर नव्हेच ना?” पहिल्या बाकावरची मुलगी सरळपणे म्हणाली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! सरांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. वर्ग तसाच सोडून ते जिना चढले.

ताई पेशी वाढवायच्या रिकाम्या बश्या घासत होत्या.

“ताई, लहर पेशींत नव्हतीच. माझी पायरी मोठी होती. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी बघितलंच नव्हतं.”

ताईंनी नळ बंद केला.

“मग माझ्या पेशी चांगल्या होत्या?”

“हो.”

“सकाळीच टाकून दिल्या हो सगळ्या,” ताई म्हणाल्या आणि आपल्या ओल्या हातांकडे बघत राहिल्या.