चिठ्ठी येईपर्यंतचे अडीच महिने

बैलबंडीतून उतरताना आत्याबाई पडल्या आणि उजवा हात कोपरात मोडला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मौद्याच्या पलीकडे आमची शेती, तिथं त्या आणि सासरे राहत. मी आणि माझे यजमान नोकरीपायी नागपुरात, धरमपेठेत दोन खोल्यांत. प्लास्टर घालून त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि त्यांच्या दुखण्याची सगळी व्यवस्था मी ताब्यात घेतली. कुठलंही काम आलं की वहीचं नवं पान काढून त्याच्या पायऱ्या लिहायच्या, ही माझी तेव्हाही सवय होती. या पानावर लिहिलं होतं: प्लास्टर काढणं, एक्स-रेचा फोटो, व्यायामासाठी डॉक्टरांची चिठ्ठी, व्यायाम. सगळ्यात खाली लग्न.

लग्न धाकट्या दिराचं, वैशाखात. आमचं स्वतःचं लग्न नोंदणी पद्धतीनं झालं होतं, तेही माझ्या आग्रहानं. चार सह्या आणि पेढे, तासाभरात मोकळे. त्यामुळं वरमाय म्हणून मिरवायची आत्याबाईंना ही एकच संधी उरली होती. विहिणीच्या पंगतीत वरमायच्या ताटाभोवती रांगोळी काढतात, मुलीकडच्या बायका गाणी म्हणतात आणि तिनं पहिला घास घेईपर्यंत बाकीच्या थांबतात. हात मोडल्या दिवसापासून आत्याबाईंचं एकच विचारणं होतं. "लग्नापर्यंत हात तोंडाले पोचन ना वं?"

मी म्हणायची, "पोचेल. सगळं वेळेत बसतंय."

दिवाळीनंतर प्लास्टर निघालं. हात कोपरात काटकोनात अडकला होता. धड सरळ होईना, धड वाकेना. डॉक्टर म्हणाले, घरी हलवत राहा, पंधरा दिवसांनी या, मग व्यायामाचं लिहून देतो. तोवर आत्याबाई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून डाव्या हातानं जेवत. कुणी आलं की ताट बाजूला सारत. पंधरा दिवसांनी गेलो तर डॉक्टर लांबच्या रजेवर होते.

आमच्या मागच्या गल्लीत एक फिजिओथेरपिस्ट राहायची. नुकतीच शिकून आलेली, पंचविशीची असेल. सकाळी एका दवाखान्यात जाई, दुपारनंतर घरीच पुढच्या खोलीत पेशंट बघे. भाजीच्या गाडीपाशी तिनं आत्याबाईंचा हात पाहिला आणि तिथंच विचारलं, "आजी, प्लास्टर काढून किती दिवस झाले?"

"पंधरा-सोळा," मीच उत्तर दिलं.

"मग उद्यापासून घेऊन या ना. उशीर नका करू."

"डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली की येतो."

"मला चिठ्ठी नाही लागत, ताई. जुना फोटो तेवढा दाखवा."

हे ऐकून माझं मन तिच्यावरून उडालं. मी सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होते. शिक्क्याशिवाय आलेला कागद मी परत पाठवत असे, आणि चोख काम म्हणून साहेब माझं नाव घेत. जिला चिठ्ठीसुद्धा लागत नाही तिचं काम कच्चंच असणार, असं मी चालता चालता ठरवून टाकलं.

घरी आलो. पायऱ्या चढताना आत्याबाई म्हणाल्या, "तिले चिठ्ठी लागत नाई तं तुले काहून लागते वं?"

"आत्याबाई, हाड परत सरकलं तर कुणाला धरायचं?"

"तुह्या हापिसात भात बी चिठ्ठीवरच शिजत असन."

मी हसले आणि विषय संपला असं समजले.

आठवड्याभरात एका संध्याकाळी मी कचेरीतून आले तर आत्याबाई दारातच उभ्या. "पाय इकडं," म्हणाल्या. त्यांनी उजवा हात हळूहळू वाकवला, ओठ घट्ट दाबून धरले आणि बोटांची टोकं गळ्यातल्या पोतीला लावून दाखवली. मंगळसूत्राला आमच्याकडे पोत म्हणतात. प्लास्टर निघाल्यापासून एवढा हात वाकलेला मी पाहिला नव्हता. चेहऱ्यावर घाम होता आणि हसूही.

"चार दिवस झाले, मी त्या पोरीकडं जाऊन राहिली. मेनबत्तीवानी ऊन ऊन मेन लावते कोपराले. मंग म्हणते, आजी, आता तुमीच वाकवा, मी वढनार नाई. लय गुनाची हाय."

मी विचारलं, "तुम्हाला जायला कुणी सांगितलं?"

त्यांनी हात खाली घेतला.

त्या क्षणी दुसरं काहीही बोलता आलं असतं. निदान आणखी एकदा करून दाखवा म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाण्याआधी मी त्या मुलीकडं गेले आणि स्वच्छ सांगितलं, की डॉक्टरांचं लेखी आल्याशिवाय आमच्या आजींना हात लावू नका. ती वाद घालेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. तिनं वाद घातला नाही. "बरं," म्हणाली. "एवढंच सांगते, सांधा वाट बघत नाही. घरी तेल लावून जोरात चोळू नका, आणि ओढू तर अजिबात नका." तिनं हे फुकट सांगितलं होतं म्हणून की काय, मी ते वहीत लिहूनही घेतलं नाही.

मग मी चिठ्ठीच्या मागे लागले. बदली डॉक्टरांनी जुना केसपेपर मागितला. केसपेपर सापडला तर फोटो सापडेना. फोटोसाठी अर्ज केला, दोनदा आठवण करून दिली, त्यातही माझ्या दोन किरकोळ रजा गेल्या. मधल्या काळात गावाहून कुणी आलं की आत्याबाईंचा हात तेलानं जोर लावून चोळून देई, आणि मी कचेरीत असे. संक्रांत होऊन गेल्यावर पहिले डॉक्टर रजेवरून आले. त्यांनी समोरच्या दुसऱ्या पेशंटशी बोलता बोलता एक ओळ लिहिली, सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

तो कागद घेऊन मी मागच्या गल्लीत गेले तेव्हा मला, खरं सांगायचं तर, जिंकल्यासारखं वाटत होतं. त्या मुलीनं कागद घेतला, वाचला नाही, टेबलावर ठेवला. आत्याबाईंचा कोपर दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ बघत राहिली. "प्रयत्न करू, आजी," म्हणाली. पहिल्या वेळी ती असं बोलली नव्हती.

तिनं तीन महिने प्रयत्न केले. आत्याबाई एक दिवस चुकल्या नाहीत. हात हनुवटीच्या खालपर्यंत आला आणि तिथं थांबला. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. लावला असता तर मी कारणं दिली असती, ती माझ्याकडं भरपूर होती.

लग्न मुलीच्या गावी झालं. पंगतीत आत्याबाईंना पाटावर बसवलं. रांगोळी, उदबत्ती, गाणी, सगळं त्यांनी मनात धरलं होतं तसंच. विहीणबाईंनी श्रीखंड वाढून म्हटलं, "घ्या जी, घास घ्या." आत्याबाईंनी पदर कोपरावर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "माहा आज उपास हाय."

गाणी थांबली. वरमाय ताटावर बसून जेवत नाही याचा एकच अर्थ लागतो, की ती रुसली. मानपानात काय कमी पडलं म्हणून विहीणबाई हात जोडू लागल्या. आतून घाईनं आणखी एक लुगडं आलं. कुणीतरी नवरीला आणून त्यांच्या पाया पडायला लावलं, ती रडत होती. मी शेजारच्याच पाटावर होते. एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहून मान हलवली, बोलू नको म्हणून. मीही ते लगेच मानलं, कारण माझीही त्यात सोय होती.

आत्याबाई जाऊन आता चार वर्षं झाली. ती नवरी म्हणजे माझी जाऊ. आपल्या माहेरचं काय चुकलं होतं हे तिला अजून कळलेलं नाही. गेल्या महिन्यात एका लग्नात पानं वाढताना ती मला सहज म्हणाली, "ताई, आमच्या श्रीखंडात वेलची जास्त झाली होती का हो तेव्हा?"

मी म्हटलं, "नाही, चांगलं होतं," आणि पुढच्या पानाकडं वळले.

आता हे लिहून काढलंय ते तिला देणार आहे. समोर बसून सांगायला गेले तर मी पुन्हा डॉक्टरांच्या रजेपासून सुरुवात करीन.