क्लाइम्बचा धडा

आइंडहोवनमधलं आमचं भाड्याचं घर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या तीन काड्यापेट्या. खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, मध्ये झोपायच्या खोल्या, वर माळा. या तिन्हींना जोडणारा जिना अरुंद आणि उभाच्या उभा. जिना म्हणायचं आपलं, खरं तर ती शिडीच. एका पायरीवर अख्खं पाऊल मावत नाही. राहायला आलो तेव्हा पलंग जिन्यातून वर जाईना, म्हणून सामानवाल्यांनी रस्त्यावर लिफ्टची गाडी लावून तो खिडकीतून आत घेतला. इथे सगळेच तसं करतात. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग मलाही तसंच घ्यायचं होतंस."

बाबा त्या हिवाळ्यात तीन महिन्यांसाठी आले आणि साथीत विमानं बंद झाल्यामुळे अडकले. आई जाऊन काही वर्षं झाली होती, पुण्यातल्या घराला कुलूप होतं. आयुष्यभर त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतरही मास्तरकी काही अंगातून गेली नव्हती. माळ्यावरची खोली त्यांनीच मागून घेतली. तिथे ऊन येतं आणि तुमच्या ऑफिसच्या मीटिंगा ऐकाव्या लागत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "बाबा, गुडघे?" तर म्हणाले, "गुडघे माझे दुखणार, तू कशाला कण्हतेस?" आमच्या घरात हट्ट वारशाने येतो. मीही काही कमी नाही, पण त्यांच्यापुढे माझी डाळ शिजत नसे.

जिना उतरायला त्यांना माझ्या लेकीने शिकवलं. ती इथेच वाढलेली, मराठी सगळं कळतं पण उत्तर डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. तिने त्यांना सांगितलं, आजोबा, तोंड जिन्याकडे करा, दोन्ही हातांनी धरा आणि उलटे उतरा. बाबांना ते मुळीच पटलं नाही. नातीसमोर पाठमोरं, वाकून, चाचपडत खाली यायचं म्हणजे काय. "मी काय माकड आहे?" म्हणाले. मग एकदा त्यांचा पाय सटकला, कठडा हाताशी होता म्हणून निभावलं, आणि त्या दिवसापासून ते मुकाट्याने उलटे उतरायला लागले. मात्र फुकट काही शिकायचं नाही हा त्यांचा बाणा. ती उतरायला शिकवणार, ते इंग्रजी शिकवणार. शाळा बंदच होत्या. बाबा वरच्या पायरीवर बसत, ती दोन पायऱ्या खाली, आणि तिथेच वर्ग भरे.

शब्द एकच होता, क्लाइम्ब. जे रोज करतो तेच आधी शिकावं, असं त्यांचं मत. मी खाली भाजी चिरता चिरता ऐकत असे. माणूस डोंगरावर क्लाइम्ब करतो, वेल भिंतीवर करते, रस्ता घाटात करतो. विमान क्लाइम्ब करतं, ताप करतो, भाव करतात. आपल्याकडे यातलं बरंचसं चढतंच. पण आपल्याकडे दारूही चढते आणि नवरदेव बोहल्यावर चढतो, ते इंग्रजीत जसंच्या तसं न्यायचं नाही, हसं होईल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे वाक्यही तिला इंग्रजीत करायला लावलं होतं. तिने काय केलं ते देव जाणे, बाबा बराच वेळ हसत होते.

त्यांचा खरा जीव होता एका गोष्टीवर. "हे बघ ठमे, हा शब्द नुसत्या वर जाण्याचा नाही. हातापायांनी धडपड करत जाण्याचा आहे. म्हणून तू आणि मी क्लाइम्ब डाउनही करू शकतो. तापाला हातपाय नाहीत, भावाला नाहीत. त्यांना फक्त वर जाता येतं. खाली यायचं तर त्यांना दुसरं क्रियापद शोधावं लागतं." मग मला खाली ऐकू जावं म्हणून आवाज चढवायचे. "हट्ट सोडून माघार घेण्यालाही क्लाइम्ब डाउनच म्हणतात. तुझ्या आईला ते जमत नाही." मी म्हणायची, "खाण तशी माती." आणि वर्ग सुटायचा.

संध्याकाळी बातम्या लागल्या की त्या वाचणाऱ्या बाईच्या तोंडी तोच शब्द. केसेस आर क्लाइम्बिंग. बाबा तिथेही उदाहरण सापडल्यासारखी मान डोलवायचे. मला त्या शब्दाचा वीट आला होता. एकदा मी टीव्ही बंदच केला आणि म्हटलं, बास झालं आता. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. ती सांगायची सोय नव्हती, म्हणून चिडत होते.

झाडांना पालवी फुटली आणि बाबांना खोकला सुरू झाला. मग ताप. हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन केला. इथे डोकं दुखो की फुटो, उत्तर ठरलेलं, पॅरासिटामॉल द्या. या वेळी भर एवढीच, की त्यांना वरच ठेवा, एकानेच जा, धाप लागली तर कळवा. नवरा आणि लेक खालीच राहिले. मी मास्क लावून वर-खाली करत होते, एका हातात पेजेचं भांडं, दुसरा हात कठड्याला.

एका दुपारी त्यांना वाक्य पुरं करता येईना. अँब्युलन्स बोलावली म्हटल्यावर ते उठले. "मी उतरतो. लोकांना वर कशाला चढवतेस." जिन्याच्या तोंडाशी गेले, तोंड फिरवलं, कठडा धरला आणि एक पाय खाली सोडला. तो तसाच अधांतरी राहिला. दुसरा हलेना. मी त्यांना काखेत धरून मागे ओढलं, तसे ते आले. बाबा वाद घालत नाहीत हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

अँब्युलन्समधले दोघे वर आले, नखशिखांत झाकलेले. त्यांनी ऑक्सिजन लावला, मग जिन्याकडे पाहिलं आणि एकमेकांकडे. मला सांगितलं, इथून नेता येणार नाही, अग्निशमन दलाची गाडी येईल, खिडकीतून घेऊ. ऑक्सिजनच्या मास्कचा पट्टा कानाच्या मशीनमध्ये अडकत होता, म्हणून ते काढून माझ्या हातात दिलं. मशीनशिवाय बाबांना अगदी कानाशी बोललं तरच ऐकू येतं.

गाडी आली. तिच्या शिडीच्या टोकाचा पाळणा खिडकीशी लागला. बाबांना पट्ट्यांनी बांधून त्यात घेतलं. मला वाटलं आता खाली नेतील. पण पन्हाळीला अडू नये म्हणून पाळणा आधी वर गेला. बाबांचे डोळे एकदम मोठे झाले. इतका वेळ त्या लोकांशी ते इंग्रजीत बोलत होते, यस, थँक यू. आता त्यांनी मास्क बाजूला सारला आणि मराठीत विचारलं, "अगं, वर कशाला नेतायत मला?"

पाळण्यातल्या माणसाने मास्क पुन्हा नीट बसवला. त्याला ते कळायचं कारणच नव्हतं. ते कळणारी तिथे मी एकटी होते. मी खिडकीतून ओरडले, "बाबा, आधी वर, मग खाली. खालीच नेतायत." यंत्राची घरघर, माझ्या तोंडावर मास्क, आणि त्यांचे कान माझ्या मुठीत. मूठ आवळली की मशीन शिट्टी वाजवतं, तसं ते वाजत होतं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना काही कळलेलं नव्हतं.

मी जिन्याकडे धावले. त्या जिन्यावर धावता येत नाही. तोंड फिरवून, एका हाताने धरून उलटी उतरत राहिले. खाली लेक उभी होती, ती म्हणाली, "सावकाश, आई, एकेक." मराठीत म्हणाली. मी दारात पोचले तेव्हा अँब्युलन्स वळणावर होती.

दवाखान्यात कोणाला सोडत नव्हते. मी मशीनमधली संपत आलेली बॅटरी काढून टाकली, घालायला नवी घेतली, मशीन आणि बॅटरी एका डबीत ठेवली आणि प्रवेशद्वाराशी दिली. फोनवर नर्सला विनवलं, त्यांच्या कानात घाला आणि फोन जवळ धरा, मला एकच वाक्य बोलायचंय. ती म्हणाली, त्यांना झोपेचं औषध दिलंय, जागे झाले की नक्की. आवाजावरून भली वाटली. मी फोन उशाशी ठेवून वाट पाहत राहिले.

बाबा जागे झाले नाहीत. त्यांचं सामान एका पिशवीत परत मिळालं, चष्मा, स्वेटर, ती डबी. या बॅटऱ्यांवर एक चिकटपट्टी असते, ती काढली की मग बॅटरी चालू होते. डबी उघडली तर ती पट्टी मी दिली तशीच बॅटरीवर चिकटलेली होती.