पोलंडमधला माग

इकडे परदेशात, श्रूजबरीला पोराच्या घरी तळघरात कपडे वाळवायचं मशीन आहे. काल त्याची जाळी साफ करताना कापसाची धूळ हातात आली आणि पोलंडमधली ती गिरणी आठवली. पोरगा ऑफिसच्या कामाला तिकडे निघाला तेव्हा आम्हा दोघांनाही घेऊन गेला होता. शहराचं नाव मला आजही म्हणता येत नाही, पण लाल विटांची धुराडी बघून वाटलं, सोलापुरात माझ्या जुन्या गिरणीपाशीच उतरलो. फक्त ही गिरणी एवढी अफाट की चालून पाय दुखले तरी टोक येईना. माझ्याच वयाची एक बाई, तिथलीच जुनी कामगार, पाहुण्यांना माग चालवून दाखवत होती. तिनं दांडा ओढला, धोटा सूत घेऊन इकडून तिकडे धावायला लागला, जमीन हादरली. पोरानं कान झाकले. तेवढ्यात सुताचा तार तुटला. मी पाहुण्यांना अडवायला बांधलेली दोरी ओलांडून आत गेलो, माग थांबवला नि गाठ मारली. बाईनं गाठ नखानं चाचपली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. वळून बघतो तर आमची ही रडत होती. जन्मभर हिची एकच तक्रार, मी हिच्यावर ओरडतो. "असले माग किती होते तुमच्या खात्यात?" हिनं विचारलं. "दोनशे." "अहो, म्हणून कान गेले होय तुमचे! मी समजायचे, माझाच राग करता." "तुझा कशाला करू राग?" मी ओरडलोच. ती डोळे पुसत हसली, "ओरडा आता खुशाल." ती जाऊन सहा महिने झाले. काल सून जिना उतरून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, हळू प्लीज, माझा कॉल चालू आहे." तेव्हा कळलं, ती धूळ मुठीत धरून मी मघापासून हिच्याशीच बोलत होतो.