मामांच्या फुलांच्या शेजेवरच्या मुंग्या

माझे मामा शिंपी. तीस वर्षं एकाच मशीनवर लोकांच्या पँटी शिवतात आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. खिडकीतून समोरच्या गोदामाची भिंत दिसते, बाकी काही नाही. अशा माणसाने छप्पन्नाव्या वर्षी मेंढपाळ व्हायचं ठरवलं, तेही कवितेत.

याला कारण शेजारची लॉन्ड्री. ती चालवणाऱ्या बाई विधवा, तोंडाने फटकळ, आणि इस्त्री अशी करतात की मामांनी बिघडवलेला कोटही अंगावर नीट बसतो. मामा चार वर्षं त्यांच्यासाठी झुरत होते. शेवटी त्यांनी मनाचा हिय्या करून सहा कडव्यांची प्रेमकविता लिहिली आणि शर्टाच्या खिशात घालून तो शर्ट इस्त्रीला दिला. सुरुवात अशी:

चल सखे, त्या रानी राहू, फुलांची मी शेज करीन,
झऱ्याकाठी बसून दोघे, ओंजळीने पाणी भरीन.

मामांनी उभ्या जन्मात झरा पाहिलेला नाही. मेंढीशी त्यांचा संबंध लोकरीच्या कापडापुरता. दुसऱ्या दिवशी शर्ट घडी होऊन आला, आणि खिशात बाईंचं उत्तर, त्याच चालीत, कडव्याला कडवं:

फुलांखाली मुंग्या, मास्तर. पाठ तुमची आधीच धरते,
रानामध्ये शेकायाला गरम इस्त्री कोठून मिळते?

पुढेही तेच. मामा कोकरांना कुरवाळणार, तर बाई विचारतात, लोकरीचा कोट शिवताना वीस शिंका देता, कळपात काय कराल? मामा बासरी वाजवणार, तर बाई म्हणतात, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबता, फुंकायला दम कुठून आणाल? सोळाव्या वर्षापर्यंत बाईंनी शेळ्या राखलेल्या, हे मामांच्या गावीही नव्हतं.

मामांनी हाय खाल्ली. तीन दिवस दुकान बंद. दुकान पार शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवायचं, इथवर मजल गेली. मी शाळेत भाषा शिकवते, म्हणून दोन्ही कागद माझ्यापुढे टाकून म्हणाले, "पोरांना दोन कवितांची तुलना करायला लावतेस ना? मग कर, आणि गुण दे. किती हसं झालंय ते तरी कळू दे."

मी दोन्ही कविता दोनदा वाचल्या आणि मामांना दहापैकी तीन दिले. बाईंना नऊ. मामांचा चेहरा पडला. मला त्यांचा रागच आला. म्हटलं, माप घेतल्याशिवाय तुम्ही रुमालसुद्धा कापत नाही, आणि ही सखी कुणाच्या मापाची? काळे केस, हरणाचे डोळे. गल्लीतल्या कुठल्याही बाईला बसेल. तिच्या कवितेत बघा. तुमची पाठ, तुमच्या शिंका, तुमची मधली पायरी. चार वर्षं ती तुमच्यावर नजर ठेवून आहे.

"मामा, प्रेमकविता तिची आहे," मी म्हणाले. "विडंबन तुम्ही केलंय."

मामा नवी कविता लिहायला वही शोधू लागले. मी वही काढून घेतली आणि त्यांना लॉन्ड्रीच्या दारापर्यंत ढकलत नेलं.

बाईंनी मान वर न करता हातातली बाही पुरी केली. मामांनी घसा खाकरला आणि वर दोन खोल्या आहेत, एवढंच कसंबसं म्हणाले.

"संध्याकाळी बघायला येते," बाई म्हणाल्या. "तोवर काही लिहू नका, मास्तर."