दुसरं वर्ष दुसऱ्यांदा

माझं माहेर बुऱ्हाणपूरचं. जळगावहून गाडीनं दोन तासांवर, पण राज्य मध्य प्रदेश. तिथं बी.ए.ची दोन वर्षं पास झाले आणि लग्न होऊन जळगावला आले. तिसरं वर्ष तेवढं राहिलं होतं. ते करू द्यावं म्हणून माझे सासरे, नाना, सासूबाईंशी आठ दिवस भांडले. शेवटी सासूबाईंनी अट घातली, "एकच वरीस शे तुना हातमा. मंग धुयाले बिऱ्हाड करनं पडी." नवरा धुळ्याला नोकरीला, खानावळीत जेवायचा, सासूबाईंचंही काही चुकत नव्हतं.

जूनमध्ये मला तिसऱ्या वर्षाला तात्पुरता प्रवेश मिळाला. गुणपत्रिका, मायग्रेशन सर्टिफिकेट, सगळं विद्यापीठाकडे गेलं. उत्तर आलं दिवाळीनंतर. कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कनं कागद माझ्यासमोर सरकवला.

"तुमचं दुसरं वर्ष इथं धरलेलं नाही. तिकडचे पेपर आपल्या पेपरांशी जुळत नाहीत. दुसऱ्या वर्षाला बसा."

"अहो, हीच पुस्तकं मी वाचलीत. विचारा काहीही."

"मी काय विचारणार, बाई? मी स्वतः बारावी."

असा राग आला की तो कागद तिथंच फाडावा. पण घरी सांगितलं असतं तर शिक्षण त्याच दिवशी बंद. म्हणून मूग गिळून बसले आणि दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन पाठ झालेलं सगळं पुन्हा उतरवून घेत राहिले. निकालानंतर सांगू, असं रोज ठरवायचे.

निकालाच्या दिवशी नाना दारातच उभे. "पास व्हयनी ना, बेटा?"

"झाले, नाना," मी म्हणाले. खोटं नव्हतंच ते. पुढचं वाक्य जुळवेपर्यंत ते चपला सरकवून पेढे आणायला गेलेसुद्धा. "आमनी सून ग्रॅज्युएट व्हई गई," असं सांगत त्यांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. सासूबाईंनीही एक खाल्ला. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

पुढं बिऱ्हाड केलं त्या धुळ्यातही कॉलेज होतं. तिसरं वर्ष तिथं सहज करता आलं असतं. पण ग्रॅज्युएट झालेली बाई कोणत्या तोंडानं पुन्हा कॉलेजात जाणार? नवऱ्यालाही मी काही बोलले नाही.

तीन वर्षांनी नाना एसटीनं धुळ्याला आले, ते खिशात पेपरातलं कात्रण घेऊनच. आमच्या घराजवळच्या मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीला बाई हवी होती. अट एकच, पदवी. "डिग्रीनी झेरॉक्स दे, मीच आज अर्ज दी येस."

"मला नाही करायची नोकरी, नाना. घरचंच होत नाही माझ्याच्यानं."

 त्यांनी कात्रणाची घडी घातली. "उगाच भांडनू मी तुनासाठे," म्हणाले आणि जेवायला न थांबता परतीच्या गाडीनं गेले.

पुढच्याच वर्षी ते वारले. मला आळशी समजूनच गेले.