हळदीचा डाग

ओल्या हळदीचा वास आला की मला गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसन वसाहतीतलं ते घर आठवतं आणि हातचा गेलेला सौदाही. मासे विकणाऱ्या म्हातारीच्या लेकाने मालगुजाराकडून, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराकडून आलेला जुना नकाशा विकायला काढला होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, डोंगरांच्या रेघा केसाएवढ्या बारीक. माल अस्सल होता, म्हणून भाव पाडायला मी सवयीने खोट काढली, "हळद सांडून नासवलाय, कोण घेईल?" सुपात मासे निवडणारी म्हातारी उसळली, "सांडली नाही जी, लावली हाय! धरणात गाव बुडला, गावदेव बुडला. लग्नाची पयली हळद आता कोठं लावू? म्हून नकाशातल्या गावालेच लावली." लेक म्हणाला, "माय, कागद हाय तो." "मंग तुह्या लग्नात त्याच्या पाया कायले पडला होता?" लेकाने नकाशा गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवला. मी तणतणत निघालो. नागपूरच्या गिऱ्हाइकाला शब्द दिला होता, त्याने पुन्हा मला दारात उभं केलं नाही. तो राग अजून आहे. परवा त्याच छापाचा स्वच्छ नकाशा हाती लागला. भिंग घेऊन वैनगंगेचा काठ दोनदा धुंडाळला, पण त्यावर हळद नव्हती आणि मला तिचं गाव काही सापडलं नाही.